यादीतले 'काळे जिरे' म्हणजे नेमके कोणते?

नेरुळच्या एका ताईंनी विचारले आहे : सासूबाईंच्या वहीत गोड्या मसाल्याच्या यादीत 'काळे जिरे' लिहिले आहे. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये मागितले, तर दुकानदाराने कलौंजी बांधून दिली. हेच का ते? नसेल, तर त्यावर भागेल का?

हे ते नव्हे, आणि त्यावर भागवूही नका. गोड्या मसाल्यातले काळे जिरे म्हणजे शहाजिरे.

दुकानदाराला मात्र दोष देववत नाही. बंगालीत 'कालो जिरे' म्हणजे कलौंजीच. पाँचफोडन या त्यांच्या पाच दाण्यांच्या फोडणीत पडते ती. हिंदीत 'काला जीरा' म्हटले की बहुधा शहाजिरे. 'हिमाचली काला जीरा' या नावाला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच जिऱ्याला. आपल्याकडे कडू जिऱ्यालाही कोणी काळे जिरे म्हणतात. मसाला मार्केटमध्ये देशभरचा माल येतो, त्याबरोबर नावेही येतात. शिवाय हा शेजार जुना आहे. 16व्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात साधे जिरे, कृष्णजीरक म्हणजे शहाजिरे आणि उपकुंचिका म्हणजे कलौंजी, अशी तिन्ही 'जीरकत्रितय' म्हणून एकत्र सांगितली आहेत. औषधाला हे ठीक, फोडणीला नाही.

शहाजिऱ्याला हिंदीत 'स्याह जीरा' असेही म्हणतात. फारसीत सियाह म्हणजे काळा. आपली शाई त्याच घरची. तेव्हा सासूबाईंनी लिहिलेले नाव अगदी रास्त आहे.

ओळखायचे कसे, तर दाणा तळहातावर घ्या. शहाजिरे साध्या जिऱ्याहून बारीक, गडद तपकिरी, किंचित वाकलेले, अंगावर उभ्या रेघा. चोळले की गोडसर, मातकट सुवास येतो. कलौंजी काळीकुट्ट आणि टोकदार कोनांची, रेघा नाहीत. चोळली की उग्र, ओव्याकडे झुकणारा वास. ती कांद्याच्या बियांसारखी दिसते म्हणून कोणी तिला कांद्याचे बी म्हणतात, पण कांद्याशी तिचे काही नाते नाही. कडू जिरे चावले की कडूजहर. ते औषधाचे, मसाल्यात एक चमचा जरी पडले तरी सगळा घाणा वाया. कारळे लांबट, चकचकीत आणि तेलकट; ते चटणीचे.

शहाजिरे मिळालेच नाही, तर साधे जिरे घ्या, पण यादीतल्या मापापेक्षा थोडे कमी. त्याचा वास जड असतो, धण्यावर कुरघोडी करतो. पाकिटावर 'कॅरवे' म्हणजे विलायती जिरे लिहिलेले मिळाले, तर माझ्या मते ते अधिक बरे. जिरे, शहाजिरे, कॅरवे, धणे, बडीशेप सगळी एकाच कुळातली, म्हणून एकमेकांत मिसळून जातात. कलौंजी त्या कुळातली नाही आणि गोड्या मसाल्यात वेगळी उठून लागते. शहाजिरे भाजताना आच अगदी मंद ठेवा. वास सुटला की लगेच उतरवा, नाहीतर कडवट होते.

आणलेली कलौंजी टाकू नका. कैरीच्या लोणच्यात घाला, खाऱ्या शंकरपाळ्यांच्या पिठात मळा, किंवा तेलात तडतडवून लाल भोपळ्याची भाजी करा. भोपळ्याच्या गोडीवर ती फार छान लागते.