डिफेंडरला एवढे पैसे नक्की कशाचे देतात?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पहिला उघड आहे: जे गोल करत नाहीत अशा डिफेंडरसाठी युरोपातले क्लब सात-आठ कोटी पौंड का मोजतात? दुसरा तुम्ही शेवटच्या ओळीत हळूच टाकलाय. तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाला कोचने फॉरवर्डवरून काढून स्टॉपरला, म्हणजे बचावाच्या मधोमध, उभं केलं, तो घरी येऊन रडला, तर त्याला 'मागे टाकलं' असं समजायचं का? पहिल्याचं उत्तर सापडलं की दुसऱ्याचं निम्मं आपोआप मिळतं, म्हणून आधी पैशांचं बोलू.

यूट्यूबवर एक क्लिप शोधा आणि मुलालाही दाखवा. ३१ मार्च २०१९, अ‍ॅनफिल्ड, लिव्हरपूल विरुद्ध टॉटनहॅम, १-१ बरोबरी, शेवटची काही मिनिटं. लिव्हरपूलचे खेळाडू पुढे गेलेले असताना टॉटनहॅमचा सिसोको चेंडू घेऊन सुटतो, सोबत सॉन. समोर एकटा व्हर्जिल व्हॅन डाइक. शाळेच्या मैदानावर अशा वेळी मुलं काय करतात ते तुम्ही पाहिलं असेलच. चेंडूवाल्याच्या अंगावर धावत जातात, तो शेजारच्याला पास देतो आणि गोल बसतो. व्हॅन डाइक अंगावर गेलाच नाही. अंग तिरकं ठेवून, सॉनकडे जाणारी वाट अडवत तो मागे मागे सरकत राहिला. सॉन दोन्ही पायांनी सारखाच घातक. सिसोको दमदार मिडफिल्डर, पण गोल मारणं हे काही त्याचं काम नव्हे. दोघांपैकी कुणाला मारू द्यायचं हे व्हॅन डाइकने पळता पळता ठरवलं होतं. पासला वाट नाही म्हटल्यावर सिसोकोला स्वतःच मारावं लागलं, तेही डाव्या पायाने, आणि चेंडू बारवरून गेला. मग ९० व्या मिनिटाला आल्डरवेरेल्डच्या स्वयंगोलने लिव्हरपूल २-१ जिंकलं.

आता या प्रसंगाची सामन्याच्या कागदावर काय नोंद होते? टॅकल (पाय घालून चेंडू हिसकावणं) नाही, इंटरसेप्शन (पास मधेच पकडणं) नाही, ब्लॉक (फटका अंगावर घेणं) नाही. टॉटनहॅमच्या खात्यात 'शॉट बाहेर' असा एक आकडा, बस्स. हंगामातली सगळ्यात शहाणी बचावाची कृती, आणि ज्याने ती केली त्याच्या नावापुढे काहीच नाही. तुम्ही म्हणता ना की स्कोअरकार्डवर यांचं नाव कुठेच दिसत नाही, त्याचं कारण हेच आहे. उत्तम बचावात बरंचसं काम काहीतरी घडू न देण्याचं असतं, आणि न घडलेल्या गोष्टी मोजता येत नाहीत.

हे न कळल्यामुळे भलेभले फसलेत. २००१ मध्ये मँचेस्टर युनायटेडने याप स्टाम या डच डिफेंडरला लाझिओला विकलं, साधारण एक कोटी साठ लाख पौंडांना. त्याचं आत्मचरित्र नुकतंच आलं होतं आणि त्यावरून वाद झाला होता, त्यामुळे सगळ्यांनी तेच कारण धरलं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली जाते: त्याचे टॅकल कमी झालेत असं आकड्यांत दिसत होतं, म्हणजे गडी उतरणीला लागला असा हिशेब झाला. टॅकल कमी झाले कारण टॅकलची वेळच येत नाही अशा जागी तो आधीच उभा असायचा, ही शक्यता कुणाच्या डोक्यात आली नसावी. आदल्या हंगामात लीगमध्ये ३१ गोल खाणाऱ्या युनायटेडने पुढच्या हंगामात ४५ खाल्ले आणि तिसऱ्या क्रमांकावर घसरले. वर्षभरात रिओ फर्डिनांडसाठी जवळजवळ तीन कोटी पौंड मोजावे लागले. तो आला, युनायटेडने ३४ गोल खाल्ले आणि लीग परत जिंकली. स्टाम तिकडे पुढे मिलानकडून २००५ ची चॅम्पियन्स लीग फायनल खेळला. त्याला विकणं चूक होती, हे युनायटेडचे तेव्हाचे मॅनेजर फर्ग्युसन यांनी नंतर स्वतःच मान्य केलं.

पण टॅकल टाळणारा हुशार डिफेंडर तर पूर्वीही होताच. बारेसी आणि मालदिनी या डिफेंडरच्या मिलानने १९९३-९४ मध्ये इटलीच्या लीगमध्ये ३४ सामन्यांत फक्त ३६ गोल केले, तरी लीग जिंकली, कारण खाल्ले होते १५. मग गेल्या काही वर्षांतच भाव एवढे का चढले? माझ्या मते याचं मूळ नियमांत आहे. १९९० चा इटलीतला वर्ल्डकप इतका रटाळ झाला, सामन्यामागे सरासरी सव्वादोन गोलसुद्धा नाहीत, की फिफाला काहीतरी करणं भाग पडलं. तोवर डिफेंडर अडचणीत आला की चेंडू गोलकीपरकडे सारायचा, कीपर तो हातात घ्यायचा, वेळ काढायचा. १९९२ पासून आपल्या खेळाडूने पायाने दिलेला पास कीपरला हातात घेता येईना. १९९८ च्या वर्ल्डकपपासून मागून केलेल्या घातकी टॅकलला थेट लाल कार्ड मिळू लागलं. म्हणजे डिफेंडरची लपायची जागा गेली आणि धाक दाखवायचं हत्यारही गेलं. उरलं काय, तर पळणं, उभं राहायची जागा ओळखणं आणि अंगावर माणूस येत असताना शांतपणे पास देणं. मग २०१९ मध्ये गोलकिकचा नियम बदलला. चेंडू आता पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर जाईपर्यंत थांबावं लागत नाही, आतच सहकाऱ्याला देता येतो. हल्ली कीपरच्या दोन बाजूंना दोन स्टॉपर उभे राहून तिथूनच डाव सुरू करतात आणि आपण टीव्हीसमोर जीव मुठीत धरून बसतो, ते त्या नियमामुळे.

दुसरीकडे मोठे संघ अख्खी बचावफळी मध्यरेषेपर्यंत पुढे आणून खेळू लागले. समोरच्याला त्याच्याच अर्ध्यात कोंडायचं, चेंडू गेला की तिथेच परत हिसकावायचा. कल्पना झकास आहे, पण मग मागे चाळीस-पन्नास मीटर मोकळं गवत उरतं. ते राखायला दोन माणसं आणि पुढे सरकलेला कीपर. ते राखता येतं अशी माणसं जगात मोजकीच, आणि ती हवीत प्रत्येक मोठ्या क्लबला. भाव इथे चढतो.

व्हॅन डाइक जानेवारी २०१८ मध्ये साडेसात कोटी पौंडांना लिव्हरपूलकडे आला तेव्हा ती डिफेंडरसाठी मोजलेली सर्वात मोठी रक्कम होती आणि बऱ्याच लोकांनी क्लबला वेड्यात काढलं होतं. २०१७-१८ मध्ये लीगमध्ये ३८ गोल खाल्लेल्या लिव्हरपूलने पुढच्या हंगामात २२ खाल्ले आणि चॅम्पियन्स लीग जिंकली. हा सगळ्यांना माहीत असलेला भाग झाला. मला त्याहून बोलका वाटतो तो व्हॅन डाइक नसतानाचा हंगाम.

ऑक्टोबर २०२० मध्ये एव्हर्टनविरुद्ध त्याचा गुडघा गेला आणि तो हंगामाबाहेर झाला. पुढे गोमेझ आणि मातिप हे दुसरे स्टॉपरही जायबंदी झाले. मग मिडफिल्डचे फाबिन्यो आणि हेंडरसन मागे उतरवावे लागले. खाल्लेले गोल ३३ वरून ४२ वर गेले, ते अपेक्षितच. पण केलेले गोल बघा: आदल्या हंगामात ८५, या हंगामात ६८. सालाह, माने, फर्मिनो हे फॉरवर्ड पुढे होतेच की! २०२१ च्या सुरुवातीला लिव्हरपूल स्वतःच्या मैदानावर लीगचे सलग सहा सामने हरलं, क्लबच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. त्या सहा सामन्यांत मिळून त्यांनी गोल केला एक, तोही पेनल्टीवर. दुसरी कारणंही होती, रिकामी स्टेडियमं होती, थकवा होता, मान्य. तरी एक धागा स्पष्ट दिसतो. मागचा माणूस विश्वासाचा नाही म्हणून फळी मागे सरकते, फळी मागे म्हणून मिडफिल्ड फाटतं, मिडफिल्डचे दोघे मागे गेल्यामुळे तिथे नवी माणसं, आणि शेवटी सालाहला चेंडूच वेळेवर मिळत नाही. म्हणजे साडेसात कोटींत लिव्हरपूलने फक्त गोल अडवणारा माणूस घेतला नव्हता. बाकीच्या दहा जणांना बिनधास्त पुढे जायची परवानगी विकत घेतली होती.

त्या परवानगीचा सर्वात जास्त फायदा घेतला दोन साईड बॅकनी, म्हणजे कडेच्या डिफेंडरनी. २०१८-१९ मध्ये ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्डने लीगमध्ये १२ गोलसाहाय्य केले आणि रॉबर्टसनने ११. दोन बॅक मिळून तेवीस! पुढे जाणारा बॅक ही काही आजची गोष्ट नाही, कोच हेरेराच्या कडेकोट बचावाच्या इंटर मिलानमध्येसुद्धा फाकेट्टी साठच्या दशकात पुढे जाऊन गोल करत होता. पण तो अपवाद होता, आता तो रिवाज झालाय. कोच ग्वार्डिओलाने तर बायर्न म्युनिकमध्ये फिलिप लामला बॅकवरून उचलून थेट मिडफिल्डमध्ये नेलं, आणि २०२३ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये मँचेस्टर सिटीचा स्टोन्स कागदावर डिफेंडर असून अर्धा सामना मिडफिल्डरसारखा वावरत होता. त्या दिवशी सिटीने चार मूळचे सेंटर बॅक, म्हणजे स्टॉपर, खेळवले होते, आणि तरी कुणी त्यांना बचावात्मक संघ म्हटलं नाही.

आता उलट बाजू. २०१९ मध्ये हॅरी मग्वायरसाठी युनायटेडने आठ कोटी पौंड मोजले, व्हॅन डाइकचा विक्रम मोडला, आणि पुढची चार-पाच वर्षं इंटरनेटवर त्या बिचाऱ्याचे मीम झाले. मला विचाराल तर मग्वायर वाईट डिफेंडर कधीच नव्हता. लेस्टर आणि इंग्लंडकडून तो गर्दीत, फळी मागे ठेवून खेळायचा. हवेतले चेंडू काढणं, चेंडू पायात घेऊन चार पावलं पुढे येणं हे त्याचं बलस्थान. त्याला मोकळं मैदान राखायला उभं केलं, वळून धावायला लावलं, आणि तिथे तो उघडा पडला. भाव व्हॅन डाइकच्या कामाचा दिला आणि माणूस वेगळ्या कामाचा घेतला. (त्याच मग्वायरने एप्रिल २०२५ मध्ये लिऑनविरुद्ध जादा वेळेच्याही शेवटी हेडरने ५-४ केलं तेव्हा मी एकटाच घरात ओरडलो.)

तरी एक सांगून ठेवतो: भाव वाढले म्हणजे मान बरोबरीला आला असं नाही. नेमारसाठी पॅरिसने २०१७ मध्ये २२ कोटी २० लाख युरो मोजले, डिफेंडर त्याच्या निम्म्यालाही पोचलेला नाही. बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, आजवर तीनच डिफेंडरना मिळालाय: बेकेनबाउर, साम्मर आणि २००६ मध्ये कानावारो. २०१९ मध्ये व्हॅन डाइक मेस्सीपेक्षा सात गुणांनी मागे राहिला. मेस्सीचा मी भक्त आहे, पण त्या वर्षी तो पुरस्कार व्हॅन डाइकला द्यायला हवा होता, यावर मी कुणाशीही भांडेन.

आता तुमच्या चिरंजीवांकडे. आपल्याकडे पूर्वापार पद्धत अशी की ज्याला खेळता येत नाही त्याला मागे उभा करायचा, आणि त्याहून कमी येणाऱ्याला गोलमध्ये. त्यामुळे मुलाला अपमान वाटणं साहजिक आहे. पण कोच जरा जाणता असेल तर हल्ली स्टॉपरला तो शांत डोक्याचा, मैदान दिसणारा आणि पास नीट देणारा मुलगा निवडतो. त्याला राहुल भेकेबद्दल सांगा. मुंबईचाच पोरगा, डिफेंडर. २०१९ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल अंधेरीच्या मैदानावर होती. बेंगळुरू विरुद्ध गोवा, गोल नाही, जादा वेळ चालू, आणि ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडरने गोल मारून याने ट्रॉफी नेली. २०२४ मध्ये मुंबई सिटीने कोलकात्यात मोहन बागानला हरवून आयएसएल कप जिंकला तेव्हा कर्णधार हाच.

अकराव्या वर्षी जागा कायमची ठरत नसते, हेही त्याला कळू द्या. अलेक्झांडर-आर्नल्ड अकादमीत मिडफिल्डर होता, अल्फोन्सो डेव्हिस विंगर होता, बायर्नने त्याला लेफ्ट बॅक केला. उंचीचीही काळजी नको, कानावारो जेमतेम पावणेसहा फुटांचा होता आणि वर्ल्डकप उचलला. मुलाला घरी काही करून घ्यायचं असेल तर दोनच गोष्टी: डाव्या-उजव्या दोन्ही पायांनी भिंतीवर पास, आणि चेंडू येण्याआधी मान वळवून मागे बघायची सवय. टॅकल शिकायला घाई नाही.

आणि दोन-तीन सराव बाजूला उभं राहून बघा. मुलाने मागून पास द्यायचा प्रयत्न केला, चेंडू हरवला आणि गोल बसला, तर कोच काय करतो? 'पुन्हा दे, पण आधी बघून दे' म्हणत असेल तर निश्चिंत राहा, जागा बदलल्याचं पोरगं महिन्याभरात विसरेल. 'मार पुढे, मार पुढे' असं ओरडत असेल, तर तो त्याला खरोखरच मागे टाकतोय. मग दुसरा क्लब बघा.