एजन्सीला एक पगार द्यायचा की माणूस स्वतःच शोधायचा?

प्रश्न: आमचं दादरला चष्म्याचं दुकान आहे, बाबांनंतर आता मीच बघते. काउंटरवरचे दोघंही दिवाळीनंतर सोडून गेले. एजन्सीवाले एका माणसामागे वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के मागतायत, वर जीएसटी. पगार महिना 20 हजार देणारे. स्वतः कधी माणसं नेमली नाहीत म्हणून भीती वाटते, काय करू?
– एक वाचक, दादर

उत्तर: ताई, आधी हिशोब करा. 8.33 टक्के म्हणजे एक महिन्याचा पगार, 20 हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी 3,600, म्हणजे दोघांचे मिळून 47,200 रुपये. आणि एवढं देऊन माणूस टिकेल का हे शेवटी तुम्हालाच ओळखायचंय. काउंटरच्या कामासाठी तरी स्वतःच शोधा.

दुकानाच्या काचेवर कागद लावा, त्यावर पगार, वेळ, सुट्टीचा वार स्पष्ट लिहा, "पगार योग्यतेनुसार" असलं मोघम नको. लेन्स पुरवणारा सेल्समन दहा दुकानं फिरतो, कुठला पोरगा कुठे कंटाळलाय ते त्याला बरोबर माहीत असतं, त्याच्या कानावर घाला. राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवरही जागा टाका.

मुलाखतीत राहता कुठे आणि रात्री कुठली गाडी पकडणार हे विचाराच. मी पहिल्यांदा माणूस घेतला तेव्हा हे विचारलंच नाही, मुलगी खूप चांगली होती पण टिटवाळ्याची, साडेनऊला सुटायची आणि घरी पोचेपर्यंत अकरा वाजून जायचे, दोन महिन्यांत सोडलं तिने आणि त्यात तिची काहीच चूक नव्हती, अजून वाईट वाटतं मला. तुमचं दुकान उशिरा बंद होत असेल तर माहीम, धारावी, वरळीकडची माणसं आधी बघा.

मग दोन दिवस काउंटरवर उभं करून बघा, पण त्या दोन दिवसांचे पैसे द्या. आधीच्या मालकाला फोन करा. ओरिजनल सर्टिफिकेट किंवा डिपॉझिट ठेवून घेऊ नका, ते अजिबात बरोबर नाही. नेमणूकपत्र पहिल्याच दिवशी हातात द्या. 20 हजारावर पुरुषांचा प्रोफेशनल टॅक्स महिना 200 आणि फेब्रुवारीत 300 कापावा लागतो, बायकांना 25 हजारापर्यंत माफ आहे, त्याची नोंदणी सीएकडून करून घ्या.

डोळे तपासायला ऑप्टोमेट्रिस्ट हवा असेल तर मात्र वेगळं, तिथे कॉलेजात विचारा, नाहीच मिळाला तर एजन्सीला पैसे द्यायला हरकत नाही.

आणि काचेवर कागद लावायच्या आधी, गेलेल्या दोघांना फोन करून का सोडलं ते शांतपणे विचारा. पगार कमी वाटत होता, जेवायला वेळ मिळत नव्हता की अजून काही, ते कळल्याशिवाय नवीन माणूस घेऊ नका.