पिवळा दिवा लागतो, मशीन वाढवू का?

(घरी वापरायच्या ऑक्सिजन आणि श्वासाच्या मशिनांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न. उत्तरं देणारे तंत्रज्ञ गेली बावीस वर्षं जळगावात हॉस्पिटलची मशिनं दुरुस्त करतात.)

प्रश्न : भाऊ, नमस्कार. आमचं गाव यावल तालुक्यात आहे. सासऱ्यांना आम्ही सगळे जिभाऊ म्हणतो. वय ७४. जन्मभर जिनिंगमध्ये काम केलं, आता दोन वर्षांपासून ऑक्सिजनवर आहेत. डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटर सांगितलंय, मशीन पाच लिटरचं आहे. मे महिना लागल्यापासून रोज दुपारी पिवळा दिवा लागायचा, बीप वाजायचं आणि रात्री आपोआप थांबायचं. गरम होत असेल म्हणून आम्ही मशीन कूलरसमोर ठेवलं. आठवडाभर बरं चाललं. आता मात्र सकाळीसुद्धा दिवा लागतो. जिथून घेतलं ते म्हणतात, नवीनच घ्या. जिभाऊ म्हणतात, ‘माले दम लागस, मशीन वाढव.’ वाढवू का? — एक सून

उत्तर : ताई, शेवटचं आधी सांगतो. मनाने वाढवू नका.

जुन्या दम्याच्या, म्हणजे डॉक्टर ज्याला सीओपीडी म्हणतात त्या आजाराच्या काही पेशंटांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन गेला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. माणूस गुंगतो आणि घरच्यांना वाटतं, चला, डोळा लागला. म्हणून अशा पेशंटांच्या बोटावरचा आकडा (ऑक्सिमीटर दाखवतो तो, रक्तातल्या ऑक्सिजनचा) डॉक्टर बहुतेक वेळा ८८ ते ९२ च्या मध्येच ठेवायला सांगतात. जिभाऊंचा आकडा किती हवा ते त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद मशीनच्या डोक्यावर चिकटवा. दुसरं असं की, दमलेल्या मशीनचा मीटर वाढवला तर नळीतून वारं जास्त येतं, पण त्यातला ऑक्सिजन आणखी उतरतो. जिभाऊंना वाटेल मशीन वाढवलं, आणि पदरात पडेल साधी हवा.

पिवळा दिवा लागला की आधी मशीनकडे नाही, जिभाऊंकडे बघा. बोटाला ऑक्सिमीटर लावा. हात गार असेल तर चोळून गरम करा, नाहीतर आकडा खोटा येतो. आकडा डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा खाली असेल, ओठ निळसर दिसत असतील, बोलणं तुटत असेल किंवा नेहमीपेक्षा जास्त झोप येत असेल, तर मशीन सोडा, सिलिंडर लावा आणि १०८ ला फोन करा. मशीनचं नंतर बघू.

घरात सिलिंडर आहे ना? पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो. लहान सिलिंडर, ज्याला ‘बी टाइप’ म्हणतात, पूर्ण भरलेला असला की त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. दोन लिटरने चालवला तर बारा तास निघतात. यावलहून जळगावला येऊन मशीन दुरुस्त करून परत न्यायला एवढा वेळ पुरतो. आमच्या भागात वादळ झालं की लाइन कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा ज्या घरात माणूस मशीनवर आहे तिथे भरलेला सिलिंडर आणि त्याची चावी एकाच जागी हवी. मी स्वतः बघितलंय, सिलिंडर ओट्यावर आणि चावी कोणाच्या तरी खिशात, शेतात.

आता मशीन. त्याच्या पोटात काय चालतं ते समजलं तर कूलरचं काय चुकलं ते लगेच कळेल. खोलीतल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. मशीनमधला कॉम्प्रेसर ही हवा दाबून दोन नळकांड्यांमध्ये आळीपाळीने भरतो. त्यांत झिओलाइटचे बारीक दाणे असतात, मोहरीएवढे, पांढरट. दाबाखाली ते नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. एक नळकांडं भरलं की दाब दुसऱ्याकडे वळतो आणि पहिलं आपला नायट्रोजन बाहेर टाकतं. दर काही सेकंदांनी जो ‘फुस्स’ आवाज येतो, तो हाच. मशीन चांगलं असेल तर नळीतून ९० ते ९६ टक्के ऑक्सिजन येतो. तो साधारण ८५ च्या खाली उतरला की पिवळा दिवा लागतो. कंपनीप्रमाणे आकडा थोडा इकडेतिकडे असतो.

या दाण्यांना नायट्रोजनपेक्षा पाणी जास्त प्यारं. आमच्याकडे शिकायला नवीन मुलं येतात तेव्हा मी त्यांना एक गोष्ट दाखवतो. स्टीलच्या वाटीत कोरडे दाणे घ्यायचे आणि त्यावर चमचाभर पाणी टाकायचं. वाटी हाताला कढत लागते. दाणे पाणी इतक्या जोरात ओढतात की उष्णता बाहेर पडते. आणि एकदा ओढलेलं पाणी मशीनच्या नेहमीच्या दाबाने सुटत नाही. तेवढे दाणे कामातून गेले.

आपल्याकडचा कूलर म्हणजे वाळ्याच्या ताट्यांमधून पाण्याचे तुषार घेऊन येणारं वारं. तुम्ही मशीन थंड करायला ठेवलंत आणि मशीनने ते तुषार पोटात घेतले. चोपडा तालुक्यातलं असंच एक मशीन दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. दोन उन्हाळे कूलरच्या तोंडाशी उभं होतं. नळकांडं काढलं तर दाणे मोकळे सळसळायला हवेत, ते एकमेकांना चिकटून गठ्ठा झालेले. खालच्या बाजूचे तर पिठासारखे झाले होते, आणि ते पांढरं पीठ वाहून जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकलं होतं. ‘फुस्स’ एकाच बाजूचं ऐकू येत होतं. घरच्यांनी काळजीपोटीच ठेवलं होतं तसं. तुम्हीही काळजीपोटीच ठेवलंत, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. आज मात्र ते तिथून हलवा.

मग दुपारी आधी दिवा का लागत होता? कारण बहुतेक मशिनांच्या पुस्तकात ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं, आणि यावल-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होतं. पत्र्याखालच्या खोलीत किती होत असेल ते तुम्हाला सांगायला नको. त्या उन्हात दाण्यांची धरून ठेवायची ताकद कमी होते, कॉम्प्रेसर तापतो, आणि त्याच वेळी गावात सगळे कूलर चालू असल्याने व्होल्टेज पडलेलं असतं. तेव्हा मशीन बिघडलेलं नव्हतं, दमलेलं होतं.

घरातली सगळ्यात थंड खोली निवडा. धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं, जुनं घर असेल तर तीच खोली, तिथे पत्र्याच्या खोलीपेक्षा बराच फरक पडतो. मशीन भिंतीपासून आणि पडद्यापासून हातभर लांब ठेवा. वारं हवंच असेल तर साधा टेबलफॅन लावा. जिभाऊ कूलरच्या वाऱ्यात बसले तरी चालेल, नळी लांब असते. मशीन दाराआड कोरड्या जागी राहू द्या. फक्त नळी १५ मीटरपेक्षा लांब करू नका आणि खाटेच्या पायाखाली चेपू देऊ नका.

मग मागची जाळी काढा. मशीन बंद करून, प्लग काढून. स्पंजाची जाळी असते, ती साध्या साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण, अगदी पूर्ण कोरडी झाल्यावरच लावा. बाजारातून दोन जाळ्या आणून ठेवल्या तर अदलाबदल करता येते. एरवी हे आठवड्यातून एकदा पुरतं, पण दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत, कापूस घरात भरलेला असतो तेव्हा, दर दोन-तीन दिवसांनी बघा. मी जाळीवरून कापसाचा नमदा सोलून काढलाय. आतला दुसरा फिल्टर मात्र धुवायचा नसतो, तो बदलायचा असतो.

त्यानंतर पाण्याची बाटली, जिच्यातून ऑक्सिजन ओलसर होऊन नळीत जातो ती. मशीन दोन लिटरवर चालू ठेवा आणि जिभाऊंच्या नाकाकडची नळी बोटांनी दुमडून घट्ट दाबा. (तेवढ्यापुरतं त्यांना सिलिंडरवर ठेवा.) मीटरमधली गोळी खाली बसली किंवा बाटलीने शिट्टी मारली, तर गळती नाही. गोळी आहे तिथेच तरंगत राहिली, तर ऑक्सिजन वाटेतच कुठेतरी पळतोय, आणि दहातल्या सात-आठ वेळा तो बाटलीच्या झाकणातून पळतो. झाकण आडवं आट्यात बसलेलं असतं. उघडून सरळ लावा. ‘मशीन गेलं’ म्हणून आलेली कितीतरी मशिनं मी एक पैसा न घेता झाकण फिरवून परत पाठवली आहेत.

आणि नवीन घ्यायचं का? आत्ता नाही. आधी ऑक्सिजन ॲनालायझर असलेल्या तंत्रज्ञाकडून शुद्धता मोजून घ्या, मशीन अर्धा तास चालवून, आधी दोन लिटरवर, मग पाचवर. दाणे गेले असतील तर दोन्ही नळकांडी बदलून मिळतात, कॉम्प्रेसर चांगला असेल तर मशीन पुन्हा उभं राहतं. न मोजता ‘नवीन घ्या’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आकडा दाखवा म्हणावं.

एक राहिलंच. जिभाऊंची बिडी सुटली आहे ना? आणि देवघर त्याच खोलीत आहे का? नाकात नळी असताना त्या खोलीत बिडी, उदबत्ती, चूल काही नको. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्यात ठिणगीसुद्धा भडकते. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलीन किंवा तेलही लावू नका, डॉक्टर पाण्यातलं मलम देतात ते लावा.

प्रश्न : मिस्टरांना रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं श्वासाचं मशीन) लावायला सांगितलंय. मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांमधून सतत हवा गळते आणि आवाज येतो, म्हणून त्यांनी छिद्रांवर चिकटपट्टी लावली. आता आवाज नाही, पण सकाळी डोकं फार दुखतं. शिवाय थंडीत नळीत पाणी गुडगुडतं. — शिरपूर तालुका

उत्तर : ताई, हे वाचून होईपर्यंत थांबू नका, ती पट्टी आत्ता काढा.

ती छिद्रं गळती नाही. एकाच नळीच्या बायपॅपमध्ये आत आलेली हवा आणि बाहेर सोडलेला श्वास एकाच वाटेने फिरतात. सोडलेला श्वास बाहेर जायला तेवढीच एक जागा ठेवलेली असते. ती बुजवली की माणूस रात्रभर आपलाच उच्छ्वास परत ओढतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि सकाळी डोकं जड होतं. पट्टी काढूनही डोकेदुखी राहिली किंवा दिवसा पेंग येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि पट्टीचं लपवू नका.

खरी गळती मास्कच्या कडेने होते, नाकाच्या हाडापाशी डोळ्यात वारं लागतं ती. त्यासाठी पट्टे आवळण्यापेक्षा, मशीन चालू असताना आडवं झोपून मास्क थोडा उचलून पुन्हा बसवा. बसल्या बसल्या केलेलं माप झोपल्यावर बदलतं.

नळीतलं पाणी म्हणजे गरम ओलसर हवा थंड नळीत गार होऊन साचते ते. मशीन खाटेपेक्षा खाली ठेवा, नळीला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळा आणि ह्युमिडिफायरची, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीची, गरमी एका आकड्याने कमी करा. त्यात बोअरचं पाणी कधी घालू नका. आपलं पाणी जड, टाकीच्या तळाशी पांढरा खर बसतो. बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी घाला, रोज बदला. खर बसलाच असेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग पाणी यात बुडवून ठेवा, मग नीट खळबळून धुवा. दाबाचे आकडे मात्र डॉक्टरांनी लावलेले असतात, त्यांना हात नको.

प्रश्न : २०२१ मध्ये कोरोनाच्या वेळी गावाने वर्गणीतून ऑक्सिजनचं मशीन घेतलं होतं. तेव्हापासून ग्रामपंचायतीच्या खोलीत पडून आहे. आता माझ्या आईला लागतंय. लावलं तर चालेल? — पारोळा

उत्तर : दादा, न मोजता लावू नका. इतके पावसाळे बंद पडून राहिलेल्या मशीनमधले दाणे आपोआप ओल धरतात. ते सुरू होईल, दिवा हिरवा दिसेल, नळीतून वारं येईल, आणि तरी त्यात ऑक्सिजन पुरेसा नसेल. त्या घाईत आलेल्या काही स्वस्त मशिनांत शुद्धता बघणारा सेन्सरच नव्हता, तिथे हिरव्या दिव्याचा अर्थ फक्त वीज आहे एवढाच. काही मशिनांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, एक लिटरला ९० टक्के आणि सात लिटरला ३० टक्के. आधी मागचं लेबल वाचा.

सुरू करताना ‘घूंऽऽ’ आवाज येऊन कॉम्प्रेसर उचलत नसेल तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. व्होल्टेज कमी असेल किंवा पंख्याला असतो तसा कपॅसिटर गेला असेल. कपॅसिटर स्वस्त असतो, पण प्लग काढल्यावरही त्यात करंट राहतो, घरी उघडू नका. उंदराने नळ्या कुरतडल्यात का तेही बघायला लागेल. नाकातली नळी, पाण्याची बाटली आणि फिल्टर नवीनच घ्या, जुनं धुऊन वापरू नका.

आणि दुरुस्तीला आणताना मशीन उभंच आणा. पिकअपमध्ये आडवं टाकून आणलं तर आतला कॉम्प्रेसर स्प्रिंगांवरून निसटतो. दोन्ही बाजूंना गोधड्या लावा आणि कोणीतरी शेजारी बसून धरा.