इंग्लंडमध्ये क्रिमिनल आणि फ्रॉड बॅरिस्टरचं करिअर नक्की कसं असतं? सीनियर व्हायला किती वर्षं लागतात, आणि पैसा खरंच असतो का?

आधीच सांगते, मी बॅरिस्टर, म्हणजे कोर्टात उभं राहून केस लढवणारा वकील, नाही. मी लंडनमध्ये सॉलिसिटर आहे, फ्रॉडच्या केसेसमध्ये आरोपींच्या बाजूने काम करते. म्हणजे अशिलाला चौकशीला बोलावलं की शेजारी मी बसते, केस क्राउन कोर्टात (मोठ्या गुन्ह्यांचे खटले ज्युरीसमोर चालतात तिथे) गेली की बॅरिस्टर कोण घ्यायचा ते मी आणि अशील मिळून ठरवतो, आणि मग महिनोन्‌महिने त्या बॅरिस्टरच्या मागच्या बाकावर बसून नोट्स काढायच्या त्या पण मीच. बारा वर्षं झाली. तेव्हा हे सगळं मागच्या बाकावरून दिसतं तसं आहे.

सुरुवातीचा भाग पटकन सांगते कारण तो कुठेही वाचायला मिळेल. चार इन्स आहेत, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्था: लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल, मिडल टेंपल, यापैकी एकाचं सभासद व्हावंच लागतं (बाबासाहेब १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, ते हेच). मग बारचा कोर्स, आणि मग एक वर्षाची प्युपिलेज, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी. खरी गाळणी इथे लागते, कोर्स पास झालेले ढीगभर आणि जागा मोजक्या. पहिले सहा महिने नुसतं मागे मागे फिरून बघायचं, नंतरचे सहा महिने स्वतःच्या केसेस. स्वतःच्या म्हणजे काय तर पहाटेची ट्रेन पकडून कुठल्यातरी लांबच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात जायचं, कागद आदल्या रात्री हातात पडलेले, आरोपी दारू पिऊन गाडी चालवणारा नाहीतर दुकानातून काहीतरी उचलणारा. ते वर्ष संपल्यावर चेंबर्सनी (बॅरिस्टरांचं सामायिक ऑफिस) ठेवून घेतलं तर टेनन्सी, म्हणजे तिथे कायमची जागा.

टेनन्सी मिळाली तरी ती नोकरी नाही हे लक्षात घ्या. प्रत्येक बॅरिस्टर स्वतःचा धंदा करतो, चेंबर्सला कमाईतला वाटा नाहीतर भाडं देतो, पगार नाही, सुट्टीचे पैसे नाहीत. आणि काम आणून देतो क्लार्क. आपल्याला क्लार्क म्हटलं की कारकून वाटतो, पण सीनियर क्लार्क म्हणजे त्या घरातला कर्ता माणूस समजा. फी तो ठरवतो, कुठली केस कुणाकडे जाणार हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात, मी फोन करते तो त्यालाच. नवीन बॅरिस्टरने क्लार्कशी वाकडं घेतलं तर त्याचं करिअर तिथेच कुजतं, हे कुणी कोर्समध्ये शिकवत नाही.

आता "सीनियर" म्हणजे काय. इथे गंमत अशी की पंचवीस वर्षं काम केलेला, केस पांढरे झालेला माणूस पण "ज्युनियर"च म्हणवतो जोपर्यंत त्याला सिल्क मिळत नाही. सिल्क म्हणजे किंग्ज काउन्सेल, केसी. राणी गेली ८ सप्टेंबर २०२२ ला आणि त्याच दिवशी सगळे क्यूसी (क्वीन्स काउन्सेल) एकदम केसी झाले, पाट्या बदलायला मात्र आठवडे लागले. एकूण बॅरिस्टर्समध्ये केसी साधारण दहा टक्के, दरवर्षी शंभरेक नवीन होतात. ठराविक वर्षं भरली की मिळतं असं काही नाही, पण बहुतेकांना पंधरा-वीस वर्षं तरी लागतात. अर्जात अलीकडच्या मोठ्या केसेसची यादी द्यायची, आणि त्या केसेसमधले जज, समोरचे वकील आणि माझ्यासारखे सॉलिसिटर्स यांची नावं द्यायची, मग त्यांना विचारलं जातं. म्हणजे ज्या वकिलाशी कोर्टात तीन महिने भांडलात त्याच्याच मतावर तुमचं सिल्क अवलंबून! त्यामुळे इथे कोर्टात आवाज चढवणारे फार पुढे जाताना दिसत नाहीत.

फ्रॉडमध्ये लोक ठरवून येतात असं मला तरी दिसलेलं नाही. मारामाऱ्या, ड्रग्ज, चोऱ्या करता करता कुणीतरी मोठ्या फ्रॉड केसमध्ये दुसरा वकील म्हणून घेतो, काम काय तर वाचायचं. नुसतं वाचायचं. सीरियस फ्रॉड ऑफिस, म्हणजे मोठ्या फ्रॉडचा तपास करून खटले भरणारी सरकारी संस्था, १९८८ पासून काम करतंय, त्यांच्या केसमध्ये लाखो डॉक्युमेंट असणं यात आता कुणाला नवल वाटत नाही. माझ्या पहिल्या मोठ्या केसमध्ये आम्ही तीन जणांनी चार महिने खपून चाळीस फायली तयार केल्या होत्या आणि मला त्याचा भयंकर अभिमान होता. आमच्या केसी बाईंनी एका वीकेंडला त्यातून तीसेक पानं काढली, ज्युरीला एवढीच देणार म्हणाल्या. मी खरंच चिडले होते. पण खटल्याच्या शेवटी ज्युरी विचार करायला आत गेली ती तेवढी पातळ फाइल घेऊन, आणि तिचे कोपरे झिजले होते. दुसऱ्या एका खटल्यात एका हुशार वकिलाने अकाउंटंटची उलटतपासणी तीन दिवस चालवली, प्रत्येक एंट्री विचारली, सगळं अगदी बरोबर, आणि दुसऱ्या दिवसापासून ज्युरीतले एक गृहस्थ चक्क पेंगत होते. काय सोडून द्यायचं हे ज्याला कळतं तो फ्रॉडमधला सीनियर, बाकी वक्तृत्व वगैरे ठीक आहे.

कारण एवढ्या आकड्यांच्या शेवटी प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, हा माणूस अप्रामाणिक होता का. आणि या एका शब्दाची कसोटी माझ्या डोळ्यांसमोर बदलली. १९८२ च्या घोष केसपासून दोन पायऱ्या होत्या, सामान्य सभ्य माणसाला हे अप्रामाणिक वाटेल का, आणि वाटेल हे आरोपीला स्वतःला कळत होतं का. बचावाचा सगळा डोलारा या दुसऱ्या पायरीवर, "आमच्या धंद्यात सगळे असंच करतात हो, मला त्यात वावगं वाटलंच नाही." मग आला फिल आयव्ही नावाचा पोकर खेळाडू. लंडनच्या एका कसिनोत तो ७७ लाख पौंड जिंकला, पत्त्यांच्या पाठीवरच्या नक्षीतला बारीक फरक ओळखून. कसिनोने पैसे दिले नाहीत, यानेच उलट दावा लावला. म्हणजे साधा दिवाणी दावा, गुन्हेगारी खटला नाहीच. आणि त्यात २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने जाता जाता सांगून टाकलं की ती दुसरी पायरी चुकीची आहे. आरोपीला वस्तुस्थिती काय वाटत होती ते बघा, पण प्रामाणिकपणाचं माप सामान्य माणसाचंच. २०२० मध्ये अपील कोर्टाने ते फौजदारी खटल्यांनाही लागू केलं. वीस वर्षं एका पद्धतीने भाषण करणाऱ्या लोकांना ते परत नव्याने रचावं लागलं.

आता पैसा. खासगी फी देणारा अशील असेल, कंपनीचा डायरेक्टर वगैरे, तर फ्रॉड केसी उत्तम कमावतो. पण क्रिमिनलचं बरंच काम लीगल एडवर, म्हणजे वकिलाची फी सरकार देतं त्यावर, चालतं आणि तिथे सरकार ठरवेल तो दर. सगळ्यात मोठ्या केसेसची फी सरकारने ३० टक्के कापली तेव्हा २०१४ मध्ये लंडनच्या साउथवार्क क्राउन कोर्टात एका जमीन गुंतवणुकीच्या फ्रॉड खटल्यात आरोपींना वकीलच मिळेना. खटला थांबवा असं सांगायला फुकट उभे राहिले ॲलेक्झांडर कॅमेरॉन, म्हणजे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांचे सख्खे भाऊ, आणि जजने खटला थांबवला पण! त्याच महिन्यात अपील कोर्टाने तो निर्णय फिरवला ते वेगळं. नंतर २०२२ मध्ये क्रिमिनल बॅरिस्टर्सनी बेमुदत संप केला, तो १५ टक्के वाढीवर मिटला. त्यामुळे पहिली आठ-दहा वर्षं कर्ज फेडण्यात जातील असं धरून चाला. पैशासाठीच यायचं असेल तर कमर्शियलला, म्हणजे कंपन्यांच्या व्यापारी दाव्यांकडे, जा, हे मी स्वतःच्या भाचीला पण सांगितलं (तिने ऐकलं नाही).

पुढे ज्युरीचं काय होतं तेही बघत राहा. लंडनच्या ज्युबिली लाइन या भुयारी रेल्वेच्या कंत्राटांवरचा खटला जवळपास २१ महिने चालून २००५ मध्ये कोसळला तेव्हापासून "फ्रॉडला ज्युरी नको" हा वाद पेटलेला आहे. फ्रॉडसाठी ज्युरीशिवाय खटल्याची तरतूद २००३ च्याच कायद्यात होती, ती कधी अमलात आली नाही आणि २०१२ मध्ये रद्द झाली. जुलै २०२५ मध्ये निवृत्त न्यायाधीश सर ब्रायन लेव्हसन यांच्या अहवालाने गुंतागुंतीच्या फ्रॉडसाठी परत जज एकट्यानेच ऐकावं असं सुचवलंय. माझं मत विरोधात आहे, त्या पेंगणाऱ्या गृहस्थांना धरून.

तुम्ही भारतात वकिली करत असाल तर बार स्टँडर्ड्स बोर्डाकडे (बॅरिस्टरांचं नियमन करणारी संस्था) ट्रान्सफरचा वेगळा रस्ता आहे, सगळं पहिल्यापासून करावं लागेलच असं नाही. पण पैसे भरायच्या आधी एकदा साउथवार्क क्राउन कोर्टात येऊन बसा, लंडन ब्रिजपासून चालत जाता येतं, प्रेक्षकांना तिकीट वगैरे नसतं. पहिल्या दिवसाच्या भाषणाला नका येऊ. खटल्याच्या तिसऱ्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीनंतर या, बँक स्टेटमेंट वाचत असतात तेव्हा.