फिजिओथेरपीचं अल्ट्रासाउंड डोक्याला लावून नैराश्य बरं होईल का?

तुम्ही विचारलंय की काकूंना आठ वर्षं नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत, अल्ट्रासाउंडने मेंदूला चालना देतात असं वाचलं, तर घराजवळच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यातलं मशीन डोक्याला लावून घ्यावं का.

कृपा करून लावू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ते मशीन रोज माझ्या हातात असतं. त्याच्या लहरी साधारण १ किंवा ३ मेगाहर्ट्झच्या. जेल लावून आम्ही त्याचं तोंड गोल गोल फिरवत राहतो, कारण एका जागी थांबलं तर खाली उष्णता साचते. हाडावर रेंगाळलं की पेशंट लगेच "दुखतंय" म्हणतो. हाड या लहरी शोषून घेतं आणि तापतं. कवटी तर सगळीच हाड. काकूंच्या मेंदूत नेमकं कुठे काय पोहोचेल, हे ते मशीन लावणाऱ्याला कळायचा काही मार्ग नाही.

मेंदूसाठीचं यंत्र पार वेगळं असतं. हात थरथरण्याच्या आजारावर त्याला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१६ मध्ये मान्यता दिली. पेशंटचं डोकं भादरतात, फ्रेममध्ये घट्ट बसवतात आणि एमआरआयमध्ये झोपवतात. शिरस्त्राणासारख्या टोपीत लहरींचे १०२४ स्रोत असतात. कवटी कुठे जाड, कुठे पातळ हे सीटी स्कॅनवरून पाहून प्रत्येक लहरीची वेळ जुळवावी लागते, तेव्हा कुठे त्या सगळ्या थॅलॅमसमधल्या (मेंदूच्या आत खोलवर असलेल्या भागातल्या) काही मिलिमीटरच्या ठिपक्यावर एकत्र येतात. कवटी तापू नये म्हणून टोपीत गार पाणी खेळवतात. पेशंट जागाच असतो. मधेमधे त्याला कागदावर गोल वळणं काढायला लावतात आणि रेघेतली थरथर कमी होत जाताना तिथेच दिसते. आमच्या पेशंटना चहाचा कप उचलता येत नाही तेव्हा मला हे फार आठवतं.

पण यात चालना दिली जात नाही. तो ठिपका साधारण ५५ ते ६० अंशांपर्यंत तापवून कायमचा निकामी करतात.

तुम्ही वाचलेली गोष्ट म्हणजे कमी तीव्रतेचा अल्ट्रासाउंड. त्यात काही जाळत नाहीत, लहरींच्या दाबाने मज्जापेशींचं काम थोडा वेळ बदलतं. कल्पना जुनी आहे. १९५८ मध्ये अमेरिकेत फ्राय नावाच्या संशोधकांच्या गटाने मांजराच्या मेंदूतला दृष्टीचा संदेश अशाच लहरींनी तात्पुरता दाबून दाखवला होता. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात कोमातून सावरणाऱ्या एका तरुणाच्या थॅलॅमसवर हा प्रयोग झाला आणि पुढच्या दिवसांत तो बराच सुधारला. पण तो एकच पेशंट होता, आणि आपसूक सुधारणाही होऊ शकते, हे खुद्द संशोधकांनी तेव्हाच सांगितलं. नैराश्यावरही छोटे अभ्यास चालू आहेत. मला त्यांच्याबद्दल मनापासून आशा वाटते, पण आज काकूंना घेऊन जावं असा उपचार त्यातून अजून उभा राहिलेला नाही.

मला खरी काळजी त्या आठ वर्षांची वाटते. गोळ्या घेऊनही बरं वाटत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडून औषधं नव्याने तपासून घ्या. त्यांना टीएमएसबद्दल विचारा. त्यात डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंदनं देतात. गोळ्यांनी फरक न पडलेल्या नैराश्यासाठी एफडीएने ते २००८ मध्येच मान्य केलंय आणि पुण्या-मुंबईत ते मिळतं. फिट्स येत असतील किंवा डोक्यात धातूची क्लिप असेल तर आधीच सांगा. तोवर गोळ्या स्वतःहून बंद करू देऊ नका.

आणि कुणी "अल्ट्रासाउंडने नैराश्य घालवतो" म्हणून पैसे मागितले, तर हा अभ्यास ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये (माणसांवरच्या उपचार-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) नोंदवलाय का आणि नोंदणी क्रमांक काय, एवढं विचारा. क्रमांक मिळाला नाही तर काकूंना घेऊन सरळ घरी या.