वाचकांचे प्रश्न : खरखर की शांतता?

प्रश्न : मी सध्या मुलाकडे अमेरिकेत राहते. इथे १२४० किलोहर्ट्झवर गावातलं एक छोटं एएम स्टेशन लागतं. दुपारी काम करताना ते लावून ठेवायची मला सवयच झाली आहे. दोन वर्षांत त्याचा मालक दोनदा बदलला. ओळखीचे निवेदक गेले, कार्यक्रम बदलले. आता तर पाऊस आला की स्टेशन गायब होतं आणि संध्याकाळनंतर नुसता कालवा ऐकू येतो. मुलगा म्हणतो, नवा मालक चिक्कू आहे, नवीन ट्रान्समीटर घेत नाही. खरंच तसं असेल का?

उत्तर : मालक चिक्कू असेलही, पण एवढ्या पुराव्यावर मी त्याला दोषी धरणार नाही. मध्यम लहरींच्या, म्हणजे एएमच्याच, ट्रान्समीटरपाशी माझी एकतीस वर्षं गेली. अशी तक्रार आली की मी आधी उलट विचारायचो : स्टेशन जातं तेव्हा तुमच्या रेडिओतून काय येतं, खरखर की शांतता? खरखर वाढली आणि मागून लांबची स्टेशनं डोकावू लागली, तर ट्रान्समीटर बंद आहे. पण रेडिओ एकदम गप्प झाला, खरखरही दबली, तर कॅरिअर, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लहर, चालू आहे, फक्त त्यावर आवाज येत नाही. म्हणजे बिघाड स्टुडिओत किंवा स्टुडिओपासून ट्रान्समीटरपर्यंतच्या जोडणीत आहे. बाई, पुढच्या पावसात एवढं नीट ऐका.

संध्याकाळच्या कालव्याचं खापर मात्र कुठल्याच मालकावर फोडता येत नाही. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. त्यात १२४० ही अमेरिकेतल्या छोट्या स्टेशनांसाठी राखलेल्या सहा फ्रिक्वेन्सींपैकी एक. बाकीच्या १२३०, १३४०, १४००, १४५० आणि १४९०. या प्रत्येकीवर शंभराहून जास्त स्टेशनं आहेत आणि त्यांना जास्तीत जास्त १००० वॅटची परवानगी असते. रात्री ती सगळी एकमेकांच्या अंगावर पडतात. तिथले रेडिओवाले या फ्रिक्वेन्सींना ‘ग्रेव्हयार्ड’ म्हणतात. स्मशानात इतका गोंगाट असतो का, असं मला नेहमी वाटत आलं आहे, पण ते असो.

आता पाऊस. एएमचा मास्ट हा अँटेनाचा नुसता खांब नसतो, तो स्वतःच अँटेना असतो. बहुतेक ठिकाणी तो चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो. त्यावर धूळ साचली किंवा बारीक तडा गेला, की ओलाव्यात वीज तिथून वाट काढते. पाठवलेली पॉवर मग परत येऊ लागते आणि ट्रान्समीटर जीव वाचवायला पॉवर कमी करतो किंवा ट्रिप होतो. नवे ट्रान्समीटर थोड्या वेळाने आपोआप उभे राहतात. व्हॉल्व्हवाला जुना असेल तर बहुधा कुणाला तरी उठून जावं लागतं.

पण माझा खरा संशय जमिनीखाली आहे. मास्टच्या पायापासून चहूकडे तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात. आम्ही त्या जाळ्याला अर्थ मॅट म्हणायचो. अशा तारा १२० असाव्यात आणि प्रत्येक पाव तरंगलांबीची असावी, हा दंडक १९३७ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासानंतर रूढ झाला. १२४० किलोहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण ६० मीटर भरते. म्हणजे एका छोट्याशा स्टेशनच्या पोटात सात किलोमीटरहून जास्त तांबं! विकत घेणाऱ्याला ते दिसत नाही. चोराला बरोबर दिसतं. आणि जे चोरीला जात नाही, ते सांध्यांवर हिरवं पडून सुटत जातं.

हे मी पैसे मोजून शिकलो, म्हणजे झोप मोजून. एका पावसाळ्यात आमचा ट्रान्समीटर सारखा ट्रिप व्हायचा. तीन रात्री मी आणि माझा सहकारी मॉड्यूल बदलत बसलो. चौथ्या दिवशी गवत कापणाऱ्या मदतनिसाने मास्टच्या पायाशी बोट दाखवलं. सगळ्या तारा जिला जोडलेल्या, ती तांब्याची पट्टी नुसती टेकलेली होती, जोड केव्हाच सुटला होता. त्यानंतर मी आधी बूट चढवून मास्टकडे जायचो आणि मगच ट्रान्समीटरचं दार उघडायचो.

इथेच मालकबदलाचा संबंध येतो. स्टेशन विकलं जातं तेव्हा नेमकं काय विकलं जातं? लायसन्स आठ वर्षांचं असतं आणि ते दुसऱ्याच्या नावावर करायला एफसीसीची, म्हणजे तिथल्या दूरसंचार आयोगाची संमती लागते. ती येईपर्यंत बरेचदा नवा माणूस करार करून जुन्या मालकाच्या लायसन्सवर आपले कार्यक्रम चालवू लागतो. तुमचे निवेदक कागदपत्रं व्हायच्या आधीच गेले असतील, तर ते असं. मास्टची जमीन पुष्कळदा वेगळ्याच कुणाच्या मालकीची असते आणि गाव वाढलं की स्टेशनपेक्षा तीच महाग होते. छोट्या स्टेशनांना पगारी इंजिनिअर क्वचितच परवडतो. चार-पाच स्टेशनं सांभाळणारा एखादा कंत्राटी इंजिनिअर असतो. कोणता सांधा दुखरा आहे हे त्यालाच ठाऊक असतं. नव्या मालकाचं आणि त्याचं जमलं नाही, तर मालकाच्या हाती उरतो फक्त किल्ल्यांचा जुडगा.

नियमही असे आहेत की लंगडत चालणं सोयीचं पडतं. पॉवर ठरलेल्या प्रमाणात देता येत नसेल तर ३० दिवस कमी पॉवरवर चालता येतं, पुढे परवानगी घ्यावी लागते. पण सलग १२ महिने प्रक्षेपण झालं नाही तर लायसन्स आपोआप संपतं. म्हणून काही मालक मुदत भरायच्या जरा आधी अँटेना म्हणून तात्पुरती तार ताणून स्टेशन चार दिवस वाजवतात. आणखी एक गोम आहे. २०१५ पासून एफसीसीने एएम स्टेशनांना २५० वॅटपर्यंतचा एफएम ट्रान्सलेटर, म्हणजे तेच कार्यक्रम एफएमवर ऐकवणारा छोटा ट्रान्समीटर, मिळवणं सोपं केलं. एएम बंद राहिलं तर तो ट्रान्सलेटरही चालवता येत नाही. तेव्हा पैसा एफएमवर आणि एएमला कसंबसं जिवंत ठेवायचं, असा हिशेब होतो. तुमच्या स्टेशनचे कार्यक्रम एफएमवर स्वच्छ लागत असतील, तर मुलाचं म्हणणं मी अर्धं मान्य करीन.

प्रश्न : (त्याच वाचक) आम्हा श्रोत्यांना यात काही करता येतं का?

उत्तर : येतं. स्टेशनची सार्वजनिक फाइल एफसीसीच्या वेबसाइटवर कुणालाही पाहता येते. मालकी कुणाकडे आहे ते तिथे कळतं. विक्रीचा अर्ज मंजूर होण्याआधी साध्या पत्रानेही हरकत घेता येते. पण मी तुमच्या जागी असतो तर आधी एक कागद घेतला असता. पाऊस सुरू झाल्यावर किती मिनिटांनी स्टेशन गेलं, थांबल्यावर किती वेळाने आलं, आणि मधल्या वेळात खरखर होती की शांतता, हे आठ-दहा पावसांचं टिपून स्टेशनात नेऊन द्या. पहिल्या सरींतच जात असेल तर माझा कल इन्सुलेटरकडे. तासाभराने जाऊन ऊन पडल्यावरही परत येत नसेल, तर कुठल्या तरी सांध्यात पाणी शिरलं आहे. इंजिनिअर नवा असेल तर हा कागद तो जपून ठेवील.