स्कूटरवरून पक्क्या परवान्याची चाचणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारात स्कूटर व्यवस्थित चालवते, पण चाचणीत आठचा आकडा काढताना दुसऱ्या वळणावर पाय टेकला आणि मी नापास झाले. आठ दिवसांनी पुन्हा जायचे आहे. काय सुधारावे? (सातारा)

आपला पाय नेमक्या दुसऱ्या वळणावर टेकला, यातच बहुतेक उत्तर दडलेले आहे. पहिल्या वळणातून बाहेर पडताना गाडी वेगात आहे असे वाटून चालक रेस पूर्ण सोडतो. स्कूटरमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत पोहोचवणारा क्लच इंजिनाच्या फेऱ्यांवर आपोआप लागतो आणि सुटतो. रेस पूर्ण मिटली आणि वेग उतरला की तो सुटतो, चाकाला ओढ उरत नाही आणि गाडी सुट्या सायकलसारखी डुलू लागते. तोल जातोय असे वाटताच चालक घाबरून पुन्हा रेस देतो, क्लच झटक्याने लागतो, गाडी पुढे उसळते आणि पाय आपोआप जमिनीवर येतो.

म्हणून आठ काढताना रेस अगदी थोडी, पण सतत धरून ठेवावी आणि वेग डाव्या हाताच्या ब्रेकने आवरावा. डाव्या हाताची दोन बोटे लिव्हरवर ठेवून ब्रेक किंचित घासता राहील एवढाच दाब द्यायचा. इंजिन ओढते आहे आणि ब्रेक त्याला अडवतो आहे, या ताणात स्कूटर चालण्याच्या वेगानेसुद्धा स्थिर राहते. 125 सीसीपर्यंतच्या अलीकडच्या बहुतेक स्कूटरना एकत्रित ब्रेक असल्याने डावी लिव्हर ओढली की पुढचे चाकही थोडे आवळले जाते, तेव्हा दाब हलकाच हवा. उजवा ब्रेक मात्र हँडल वळलेले असताना अजिबात धरू नये. स्कूटरची चाके लहान असतात, आणि वळलेले पुढचे चाक अडले की शंभरेक किलोंची गाडी आतल्या बाजूला सरळ आडवी होते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांची उजव्या हाताची चारही बोटे ब्रेकवर आवळलेली असतात. पहिला आठवडा मी त्यांना ती मुठीभोवती ठेवायची सवय लावण्यातच घालवतो.

दुसरी गोष्ट नजरेची. पुढच्या चाकाकडे किंवा जमिनीवरच्या चुन्याच्या रेषेकडे पाहिले की हँडल तिकडेच ओढले जाते. हनुवटी वळवून, गाडी पुढे जिथे पोहोचायची आहे तिथे पाहावे. घरी सराव करताना मोकळ्या जागेत दोन विटा सुमारे आठ मीटर अंतरावर ठेवून त्यांच्याभोवती आठ काढा, जमू लागले की अंतर सहावर आणा. दोन्ही दिशांनी सुरुवात करा, कारण बहुतेकांचे एक वळण दुसऱ्यापेक्षा कच्चे असते आणि सरावात आपण नकळत सोप्या बाजूनेच निघतो.

पुन्हा चाचणी देण्याबाबत : नापास झाल्यावर सात दिवसांनी परत बसता येते. लागोपाठ तीनदा नापास झाल्यास मात्र शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस थांबावे लागते, म्हणून तयारी झाल्याशिवाय नुसते ‘जाऊन बघू’ असे करू नये.

प्रश्न : स्कूटरवर चाचणी दिली तर पुढे नवऱ्याची मोटारसायकल चालवता येईल का? (नाशिक)

नाही. मोटार वाहन कायदा 1988 नुसार गिअर असलेली आणि गिअर नसलेली मोटारसायकल हे परवान्याचे दोन वेगळे वर्ग आहेत आणि चाचणी ज्या प्रकारच्या गाडीवर दिली त्याच वर्गाची नोंद होते. उलट बाजूने सवलत आहे : गिअरच्या गाडीवर उत्तीर्ण झालेला उमेदवार बिनगिअरच्या गाडीसाठीही उत्तीर्ण मानला जातो. त्यामुळे एक प्रश्न स्वतःलाच विचारावा : घरात मोटारसायकल आहे का, आणि ती कधी आपल्या हाती येणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर शिकाऊ परवानाच गिअरच्या वर्गाचा काढावा आणि दोन महिने जास्त शिकावे. घरी फक्त स्कूटर असेल तर स्कूटरवरची चाचणी पूर्णपणे योग्य आहे. ‘स्कूटरवरचा परवाना म्हणजे अर्धवट परवाना’ असे नातेवाईक सुनावतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण बाजारहाट, शाळा आणि दवाखाना एकटीने गाठू शकणाऱ्या स्त्रीला त्या परवान्याने काय मिळते, हे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे.

प्रश्न : वय 52. सायकलही चालवलेली नाही. मला जमेल का, आणि परवाना किती वर्षांचा मिळेल? (कोल्हापूर)

जमेल, फक्त वेळ द्यावा लागेल. आधी गाडी बंद ठेवून ती हाताने ढकलत चालवा, मुख्य स्टँडवर चढवा आणि उतरवा. गाडीचे वजन कळले की तिची भीती निम्मी होते. त्यानंतर सीटवर बसून, इंजिन बंद ठेवून, हलक्या उतारावर दोन्ही पाय जमिनीपासून चार बोटे वर धरत घरंगळायचे. एका अंगणवाडी सेविकेने, वय आपल्याइतकेच, या पद्धतीने नऊ दिवस फक्त घरंगळण्यात काढले. दहाव्या दिवशी तिने इंजिन सुरू केले तेव्हा तोल आधीच अंगात मुरलेला होता आणि रेस तेवढी नवी होती.

चाळिशी ओलांडलेल्यांना अर्जासोबत नोंदणीकृत डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 1-अ, द्यावे लागते. पन्नास ते पंचावन्न या वयात मिळणारा परवाना वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत चालतो, म्हणजे आपल्याला साधारण आठ वर्षे.

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची आहे. तिला आमच्या 110 सीसीच्या स्कूटरवर परवाना मिळेल का? (पणजी)

नाही. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना 50 सीसीपेक्षा मोठी नसलेली गाडीच चालवता येते. अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना मिळेपर्यंत चावी तिच्या हाती देऊ नका : अल्पवयीन चालकाकडून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि मुलीला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवानाही मिळत नाही.

प्रश्न : चाचणीच्या दिवशी काय सोबत असावे? हाताचे इशारे विचारतात का? (छत्रपती संभाजीनगर)

शिकाऊ परवाना मिळून तीस दिवस झाल्यानंतर आणि त्याची सहा महिन्यांची मुदत संपण्यापूर्वी चाचणी द्यायची असते, हे तारीख घेतानाच तपासावे. सोबत शिकाऊ परवाना, गाडीचे नोंदणी पुस्तक, चालू विमा आणि पीयूसी असावी. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल रंगातील ‘एल’ लावलेला असावा. हेल्मेट डोक्यावर घालून त्याचा पट्टा बांधलेला असावा, हँडलला लटकवलेले हेल्मेट चालत नाही. आरसे नीट लावून घ्या. भावाची किंवा शेजाऱ्याची अनोळखी स्कूटर आदल्या रात्री मागून आणण्यापेक्षा जिच्यावर शिकलात तीच गाडी आणा, कारण प्रत्येक गाडीची रेस वेगळ्या ठिकाणी पकडते.

हाताचे इशारे विचारले जातात, म्हणून ते यायलाच हवेत, आणि स्कूटरवर त्यांची एक अडचण आहे. इशारे उजव्या हाताने करायचे असतात आणि रेसही उजव्याच हातात असते. हात उचलला की रेस मिटते आणि गाडी मंदावते. त्यामुळे इशारा वळणाच्या बराच आधी, गाडी सरळ चाललेली असताना द्यावा आणि हात मुठीवर परत आल्यावरच हँडल वळवावे. हे रिकाम्या मैदानावर वीस-पंचवीस वेळा करून पाहिले तर निरीक्षकांसमोर हात उचलताना खांदा आखडत नाही.